आधी काळी टाकी, मग करडी

आमच्या ट्रेलरच्या दाराला आतून एक कार्ड टांगलेलं आहे. सुरुवातीला त्यावर माझ्या अक्षरात सतरा कामं लिहिली होती. मुक्काम हलवताना ती त्याच क्रमाने करायची आणि करताना एकमेकांशी बोलायचं नाही. बघणाऱ्याला वाटतं, या दोघांचं बिनसलंय. पहिल्या वर्षी खरंच बिनसायचं, त्यातूनच हे कार्ड जन्माला आलं.

2023 च्या वसंतात आम्ही 24 फुटी ट्रॅव्हल ट्रेलर घेतला, जुनाच. पिकअप ट्रक घरात होता. अमेरिकेत आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, बसएवढ्या क्लास एपासून व्हॅनएवढ्या क्लास बीपर्यंत काहीही असू शकतं. आम्ही ओढायचा ट्रेलर निवडला, कारण तो कॅम्पग्राउंडवर ठेवून नुसता ट्रक घेऊन फिरता येतं. दर मुक्कामाला जोडा आणि सोडा, ही त्याची किंमत.

विकणारा म्हणाला, "तुमचा ट्रक 11,000 पौंड आरामात ओढेल." ट्रेलर भरून साधारण 6,200 पौंड, म्हणजे काळजी मिटली असं आम्हाला वाटलं. तो खोटं बोलला नाही, फक्त अर्धंच बोलला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. ट्रकने स्वतःच्या अंगावर किती वजन घ्यायचं ते त्यावर छापलेलं असतं. आमचा आकडा 1,540 पौंड. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन हिचवर, म्हणजे ट्रकच्या शेपटीवर यावं लागतं. कमी पडलं तर ट्रेलर मागे हेलकावे खायला लागतो. आमचं आलं 780. हिचचं लोखंड 90, आम्ही दोघं 310, आणि मागच्या हौद्यात जनरेटर, हत्यारं, पाण्याचे कॅन, लाकडं मिळून 250. बेरीज 1,430. उरले 110 पौंड. ओढायची ताकद निम्म्याहून थोडीच जास्त वापरली होती आणि वाहायची जवळजवळ संपली होती. हे आम्हाला हायवेवरच्या ट्रक-स्टॉपच्या काट्यावर कळलं, खरेदीनंतर तीन आठवड्यांनी. तुम्ही आधी जा.

टायरांचंही तसंच. नक्षी एवढी खोल की नवे वाटावेत. टायरच्या बाजूला डीओटीने सुरू होणारी ओळ असते आणि तिच्या शेवटी चार आकडे. आमच्या टायरांवर होतं 1916, म्हणजे 2016 सालचा 19 वा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उन्हात उभा असतो, त्यामुळे त्याचे टायर झिजून जात नाहीत, वय होऊन जातात. पाच-सहा वर्षांत बदलावेत असं जाणकार सांगतात. आमचे सात वर्षांचे होते आणि आम्ही म्हटलं, ही एक ट्रिप होऊ दे. वायोमिंगमध्ये भर दुपारी एक फुटला. फुटताना रबराच्या चाबकाने वरचं मडगार्ड फाडलं आणि सांडपाण्याच्या करड्या टाकीचा पाइपही तोडला. चार टायरांत जेवढं वाचवलं असं वाटत होतं, ते एका पाइपात आणि पत्र्यात गेलं.

पहिला मुक्काम. पोचायला अंधार झाला, हीच पहिली चूक. ट्रेलर मागे घ्यायचा होता दोन झाडांच्या मध्ये. नवरा स्टिअरिंगवर, मी मागे बॅटरी घेऊन.

"घे, घे, मागे घे... अरे, उजवीकडे!"

"उजवीकडे म्हणजे ट्रेलर की स्टिअरिंग?"

"माझ्या उजवीकडे!"

"अगं, तू माझ्याकडे तोंड करून उभी आहेस की पाठ?"

चाळीस मिनिटं लागली. आजूबाजूच्या खुर्च्यांवरचे लोक आधी बघत होते, मग सौजन्याने न बघितल्यासारखं करायला लागले. आता आमच्यात उजवं-डावं नाही. "ड्रायव्हरची बाजू" आणि "दुसरी बाजू" एवढंच. त्याने हात स्टिअरिंगच्या तळाशी धरायचा. तळाचा हात जिकडे जाईल, तिकडे ट्रेलरचं बूड जातं. वरून धरला तर मेंदूला गाठ बसते. आणि आरशात माझा चेहरा दिसेनासा झाला की त्याने काही न विचारता ब्रेक दाबायचा. उतरून बघायला लाज वाटू देऊ नये, त्यात फक्त गुडघे दुखतात.

आता क्रमाकडे येते. खरं दुखणं तिथेच आहे.

ट्रेलर जागेवर आला की आधी आडवा समतोल बघायचा आणि खालच्या बाजूच्या चाकांखाली प्लास्टिकचे ठोकळे सरकवायचे. हे ट्रक जोडलेला असतानाच. मग चाकांच्या पुढे-मागे पाचरी घट्ट बसवायच्या. मगच हिच सोडायची. त्यानंतर पुढच्या जॅकने लांबीचा समतोल, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे टेकू. टेकूंनी ट्रेलर उचलायचा नसतो, ते फक्त डुलणं थांबवतात. समतोल काही झोपेसाठी नाही, किंवा नुसता झोपेसाठी नाही. गॅसवर चालणाऱ्या आमच्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, अमोनिया तापून वर जातो आणि उताराने खाली येतो. गाडी फार कलती राहिली तर तो मध्येच साचतो आणि फ्रिज हळूहळू कायमचा मरतो.

ग्लेशियर नॅशनल पार्कमध्ये, ॲपगारच्या कॅम्पग्राउंडवर, मी एका बाजूची पाचर लावली आणि तेवढ्यात समोरच्या साइटवरच्या बाई गप्पा मारायला आल्या. छान होत्या. कुठून आलात, किती दिवस, अस्वल दिसलं का. नवऱ्याने मला पाचरींपाशी उभी बघितलं आणि झालं असेल असं समजून हिचची कडी उघडली. ट्रेलर घरंगळला तो जेमतेम अर्धा फूट, कारण मागे मुळं होती. पण अडीच-तीन टन जेव्हा आवाज न करता आपणहून हलतात, तेव्हा पोटात जो गोळा येतो तो अर्ध्या फुटाचा नसतो. जॅकचा पाय चिखलात तिरका झाला. मी पाचर हातात धरून उभी. बाईंनी विचारलं, "असं होतं का नेहमी?"

त्यात कुणाचाही दोष नव्हता, हेच वाईट. क्रमात ज्या गोष्टी चुकल्या त्या माहिती नव्हती म्हणून नाही, मध्येच कुणी बोललं म्हणून चुकल्या.

वॉटर हीटर तसाच गेला. सहा गॅलनची टाकी, ती गॅसवरही तापते आणि विजेवरही. आधी टाकीत पाणी भरायचं, गरम पाण्याच्या नळातून हवा फुरफुरत निघून सलग धार यायला लागली, की मगच विजेचं बटण. मी नळ उघडला, फोन वाजला, फोनवर बोलता बोलता बटण दाबलं. कोरड्या टाकीत विजेची कांडी जळायला काही क्षण पुरतात.

विजेबद्दल थोडक्यात. आमचा प्लग 30 अँपिअरचा. 120 व्होल्टने गुणलं की 3,600 वॉट, सगळ्या घराला मिळून. एसी 13 ते 15 अँपिअर घेतो, पाणी तापवणारी कांडी 12, मायक्रोवेव्ह साधारण 13. दोन एकत्र चालतात, तिसरं लावलं की अंधार. 50 अँपिअरचा प्लग ऐकायला दीडपट वाटतो, पण त्यात दोन वेगळ्या तारा येतात, त्यामुळे 12,000 वॉट मिळतात. आणि साइटवरच्या विजेच्या खांबाला प्लग लावण्याआधी मध्ये सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे बिघडलेली वीज अडवणारं यंत्र, हवंच. जुन्या कॅम्पग्राउंडवर न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, सुटलेला खांब भेटला, तर एका फटक्यात घरातलं सगळं जातं. आम्हाला असा खांब एकदाच भेटला. यंत्राने लाल दिवा लावून वीज आत सोडलीच नाही, आणि त्याचे पैसे त्या संध्याकाळी वसूल झाले.

पाण्याच्या टाक्या तीन. स्वच्छ पाण्याची, बेसिन आणि अंघोळीच्या पाण्याची, ती करडी, आणि संडासाची, ती काळी. नव्या माणसाला वाटतं, कॅम्पग्राउंडवर ड्रेनेजची जोडणी असेल तर नळी लावा, दोन्ही व्हॉल्व्ह उघडे ठेवा, विषय संपला. आम्हीही तेच केलं. यलोस्टोनमध्ये फिशिंग ब्रिजला सहा दिवस होतो. तिथे पाणी, वीज आणि ड्रेनेज तिन्ही मिळतं, आणि अस्वलांमुळे तंबूला किंवा कापडी भिंतीच्या ट्रेलरला प्रवेशच नाही. सगळी जोडणी आहे म्हटल्यावर आम्ही राजासारखे राहिलो. निघायच्या दिवशी संडासाचा पेडल दाबला आणि पाणी खाली जाईना.

शेजारच्या साइटवर एक आजोबा होते, बरीच वर्षं वर्षभर आरव्हीत राहणारे. माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं.

"काळा व्हॉल्व्ह उघडा ठेवला होता?"

"हो."

"किती दिवस?"

"सहा."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि परत घातली. "तुमच्याकडे आता एक पिरॅमिड आहे," म्हणाले.

झालं असं की व्हॉल्व्ह उघडा असला तर पातळ भाग लगेच वाहून जातो. घट्ट असतं ते तिथेच बसतं, त्यावर कागद, त्यावर पुन्हा तेच, आणि संडासाच्या बरोबर खाली एक सुळका उभा राहतो, सुकून कडक. काळ्या टाकीला भरपूर पाणी लागतं. रिकामी केल्यावर लगेच दोन-तीन गॅलन पाणी घालून ठेवायचं, व्हॉल्व्ह बंद, आणि किमान दोन तृतीयांश भरेपर्यंत उघडायचा नाही. मग सगळं एका लोंढ्यात जातं. त्यानंतर करडा व्हॉल्व्ह, म्हणजे साबणाचं पाणी नळी धुऊन काढतं. आधी काळी, मग करडी. उलट केलंत तर करड्या पाण्याने नळी स्वच्छ होईल आणि काळ्याने पुन्हा होती तशी.

आमचा सुळका आजोबांच्या सल्ल्याने गेला. टाकी पाण्याने भरली, रात्रभर तशीच ठेवली, दुसऱ्या दिवशी त्यातलं थोडं सोडून उरलेल्या पाण्यासह पन्नासेक मैल गाडी चालवली. वळणांवर आत जे डुचमळतं ते काम करतं. नंतर डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, तीनदा भरून तीनदा ओतलं. मागे चार गाड्यांची रांग. त्या रांगेतल्या कुणीही हॉर्न वाजवला नाही, हे मी कधी विसरणार नाही. एकदम पातळ, पाण्यात विरघळणारा कागद आम्ही त्या दिवसापासून वापरतो. बाटलीत चार चौकोन पाणी घालून हलवले आणि लापशी झाली, तर तो कागद चालतो. टाकी किती भरली हे दाखवणाऱ्या भिंतीवरच्या दिव्यांवर विश्वास ठेवू नका. आत कागदाचा तुकडा चिकटला की ते जन्मभर "भरली" म्हणतात.

हातमोजे वेगळे. पिण्याच्या पाण्याची नळी आणि ड्रेनेजची नळी एका कप्प्यात ठेवायची नाही. डंप स्टेशनवरचा धुण्याचा नळ प्यायचा नसतो, मग पाणी कितीही स्वच्छ दिसू दे. आणि नळाच्या तोंडाशी प्रेशर रेग्युलेटर लावा. काही ठिकाणी दाब इतका असतो की आतले प्लास्टिकचे जोड सुटतात. 45-50 पीएसआय पुरे होतो.

रस्त्यांबद्दल दोन गोष्टी. ग्लेशियरच्या गोइंग-टू-द-सन रोडवर, वरच्या डोंगरी भागात, 21 फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट 8 फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे. ट्रेलर ॲपगारला ठेवून नुसता ट्रक घेऊन गेलो, तेव्हा ट्रेलर निवडल्याचं समाधान पहिल्यांदा मिळालं. आणि बिगहॉर्न पर्वत ओलांडताना नकाशा 14ए रस्ता दाखवील, त्यावर 10 टक्के उतार आहेत. आम्ही दक्षिणेकडच्या 16 ने गेलो. तिथेही उतार आहेच, पण गियर खाली टाकून इंजिनलाच गाडी धरून ठेवायला लावलं, तर ब्रेक वाचतात. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरणाऱ्या एकाच्या गाडीचा जळका वास आम्हाला खालच्या वळणावर आला होता. वेग वाढला की एकदा जोरात दाबा, वेग पाडा, पाय पूर्ण उचला.

जानेवारीत ॲरिझोनात, क्वार्टझसाइटला गेलो. तिथे सरकारी वाळवंटात, ला पोसा नावाच्या भागात, 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल राहायचा परवाना मिळतो. आम्ही घेतला तेव्हा 180 डॉलर होता. साइटला खांब नाही, नळ नाही. हजारो गाड्या, पण वाळवंट इतकं मोठं की शेजारी हाकेच्या अंतरावर. अशा राहण्याला बूनडॉकिंग म्हणतात. बीएलएम या सरकारी जमीन सांभाळणाऱ्या खात्याच्या इतर मोकळ्या जमिनीवर सहसा 28 दिवसांत 14 दिवसच एका जागी राहता येतं.

इथे पाण्याचा हिशेब सुरू झाला. 40 गॅलनची टाकी, म्हणजे 150 लिटर. पहिल्या वेळी चार दिवसांत संपली. आता दोघांना नऊ दिवस पुरते. अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, पुन्हा पाणी. गरम पाणी येईपर्यंत जे थंड वाया जातं ते बादलीत धरायचं आणि संडासात वापरायचं. करडी टाकीही उशिरा भरते, काळीलाही पाणी मिळतं. भांडी आधी कागदाने पुसायची. प्रत्यक्षात मुक्काम संपवते ती पाण्याची टाकी नाही, करडी. ती आमची 30 गॅलनची आहे, आणि ती जमिनीवर सोडायची नसते.

थंडी मात्र आम्ही हिशेबात धरलीच नव्हती. वाळवंट म्हणजे उकाडा, असं डोक्यात. रात्री पारा गोठणबिंदूच्या आसपास. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, सातेक अँपिअर. रात्रीचे दहा तास, त्यातला निम्मा वेळ पंखा सुरू, म्हणजे 35 अँपिअर-तास. दोन बॅटऱ्या मिळून 225, शिशाच्या, म्हणजे निम्म्याच वापरायच्या. त्यात दिवे, पाण्याचा पंप, फोन. वर सौर पॅनल 200 वॉटचं. जानेवारीचं ऊन तिरकं आणि पॅनल छतावर सपाट, त्यामुळे सगळं भरून निघत नव्हतं. पाचव्या पहाटे हीटर धडपडून बंद पडला. मी रजईतून हात काढून बॅटरीचा मीटर बघितला: 11.9 व्होल्ट. काही चालू नसताना बॅटरीला 12.1 च्या खाली जाऊ द्यायचं नाही, हे मला पाठ होतं. पाठ असून काय उपयोग, तपासायचं राहिलं. त्या दिवसापासून रोज सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी आकडा वहीत लिहिते. हीटर रात्री 13 अंशांवर, अंगावर दुसरी रजई. झोपही चांगली लागते, खरं तर.

कार्ड क्वार्टझसाइटलाच लिहिलं. त्याच्या आधी एकदा आम्ही विजेची तार खांबाला लावलेली ठेवून निघालो होतो. तीन फूट. प्लग वाचला, अब्रू नाही. तेव्हाही कुणीतरी निरोप द्यायला आलं होतं. मग नियम ठरला: कार्ड हातात असताना बोलायचं नाही, आणि कुणी बोललंच तर पहिल्या कामापासून पुन्हा. पहिले पाढे पंचावन्न, पण शब्दशः.

निघायच्या दिवशी मी सातव्या कामावर होते आणि शेजारचं जोडपं हात हलवत आलं. मी पाच बोटं वर केली. ते समजले, थांबले. छतावरचा अँटेना खाली. पायरी आत. गॅस बंद. टेकू वर. हिच, साखळ्या, दिव्यांची तार. तो ट्रकमध्ये ब्रेक दाबून, इंडिकेटर लावून बसला, मी मागे उभी राहून दिवे बघितले. पाचरी काढल्या. एक शेवटची फेरी मारली, छत, बाजू, खालून. सतरावर टिक. मग शेजाऱ्यांशी दहा मिनिटं निवांत बोललो, पुन्हा भेटू म्हणालो, आणि इतक्या सुरळीत निघालो की तो म्हणाला, "बघ, जमलं."

साठ मैलांवर फोन आला. वाळूत दोन पिवळ्या पाचरी पडल्या होत्या, बरोबर आमच्या चाकांमध्ये जेवढं अंतर असतं तेवढ्या अंतरावर. मी कार्ड काढून बघितलं. "पाचरी काढा" होतं. "गाडीत ठेवा" नव्हतं.

आता अठरा कामं आहेत.